बिघडलेला स्विच, राउटर परत पाठवताय? खोकं बांधण्याआधी हे वाचा

रॅकमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या मशीनच्या कपाटात, स्विच (अनेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं मशीन) कसायला दोन्ही बाजूंना पत्र्याच्या एल आकाराच्या पट्ट्या असतात. आम्ही त्यांना कान म्हणतो. चार वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा चोवीस पोर्टचा स्विच वॉरंटीत परत पाठवताना मी हे कान काढले नाहीत. वाटेत खोकं कुठंतरी आपटलं असणार. एक कान पुठ्ठा फाडून बाहेर आला आणि दुसऱ्यानं स्विचच्या पत्र्यालाच पोचा पाडला. आठ दिवसांनी मेल आला: बाहेरून इजा झालेली आहे, वॉरंटी लागू नाही. मुळात बिघाड होता पॉवर सप्लायचा, पण तो आता कुणाला पटवून देणार? नव्या स्विचचे निम्मे पैसे मी माझ्या खिशातून घातले. ते कान काढायला चार-चार स्क्रू, म्हणजे तीन मिनिटांचं काम होतं.

मी खानापूर, बेळगाव आणि आसपासच्या पतसंस्था, शाळा, दुकानं यांची नेटवर्कची कामं बघतो. आपल्याकडून वस्तू परत जाते ती बहुतेक वेळा बेंगळूरला किंवा पुण्याला. एक पाचशे किलोमीटर, दुसरं साडेतीनशेच्या घरात. वाटेत तीन-चार गोदामं आणि तितक्याच वेळा चढ-उतार. या धंद्यात नव्यानं आलेल्या पोरांसाठी, आणि इंटरनेट कंपनीचं भाड्याचं मशीन परत करायला निघालेल्या घरच्या गिऱ्हाइकांसाठीही, हे लिहितोय.

१. पाठवायची खरंच गरज आहे का ते बघा

राउटर 'मेला' म्हणून माझ्याकडे येतो तेव्हा पहिल्यांदा मी अ‍ॅडॉप्टर तपासतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टच्या जागी ७-८ दिसले की विषय संपला. कधी मीटरवर बरोबर दिसतं, पण लोड आला की व्होल्टेज पडतं. म्हणून तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनस) तेवढी जुळवून घ्या.

एप्रिल-मे महिन्यात वळीव येऊन गेल्यावर चार पोर्ट एकदम गेले असतील तर झाकणाच्या फटीतून जळका वास येतो का बघा. वीज पडून किंवा विजेच्या जादा दाबानं जळालेलं मशीन सहसा वॉरंटीत बसत नाही. अशा वेळी आधी फोटो पाठवून विचारायचं, मगच कुरियरचा खर्च करायचा.

२. परतीचा नंबर आणि सिरियल नंबर

परतीचा मंजुरी नंबर, ज्याला सगळे आरएमए नंबर म्हणतात, तो हातात आल्याशिवाय खोकं हलवू नका. नंबर नसलेलं पार्सल सर्व्हिस सेंटरच्या गोदामात बेवारस पडून राहतं, नाहीतर तसंच माघारी येतं.

सिरियल नंबर हातानं उतरवून घ्यायचा नाही. बारीक छपाईत शून्य आणि ओ, आठ आणि बी यांचा घोळ होतो. मागच्या स्टिकरचा फोटो काढा, झूम करा, मगच टाइप करा. मशीन चालू होत असेल तर त्याच्या सेटिंगच्या पानावरचा नंबर स्टिकरशी ताडून बघा. एकाच कपाटात सारखे दिसणारे तीन स्विच असतील तर चांगला स्विच खोक्यात आणि बिघडलेला कपाटात असंही होतं. हसू नका, झालंय.

त्याच मेलमध्ये काय पाठवायचं नाही याची यादी असते. ती वाचायचा कंटाळा करू नका. वॉरंटी बदलीत बहुधा नुसतं मशीन मागतात; पॉवर केबल, अँटेना, कान, मोड्यूल (स्विचमध्ये फायबर जोडायचा सुटा भाग, एसएफपी) तुमच्याकडेच ठेवायचं असतं. पाठवलंत तर परत मिळेल याची आशा धरू नका. भाड्याच्या ओएनटीचं (इंटरनेट कंपनीनं घरात लावलेल्या फायबरच्या मशीनचं) मात्र उलटं: अ‍ॅडॉप्टर आणि पॅचकॉर्डसकट सगळं द्यावं लागतं, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापतात.

३. आतली माहिती पुसा

मशीन चालू होत असेल तर कॉन्फिगरेशनची कॉपी काढून ठेवा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. मेलेलं असेल तर रीसेट होणार नाही, पण आतल्या मेमरीत पासवर्ड तसेच असतात. दुसऱ्या टोकाला कोण ते मशीन उघडणार, माहीत नसतं. म्हणून पार्सल निघायच्या आधी व्हीपीएनची (शाखा जोडणाऱ्या खासगी वाटेची) किल्ली, पीपीपीओई (इंटरनेट कंपनीचं लॉगिन) आणि वायफायचा पासवर्ड आपल्या बाजूनं बदला. पतसंस्थेचं काम असेल तर यात हयगय नको.

४. उतरवणं आणि पुसणं

वीज बंद करून मशीन निवू द्या. केबल काढण्याआधी समोरून एक फोटो, आणि प्रत्येक केबलला पोर्टच्या नंबरची चिठ्ठी. फायबर काढला की दोन्ही टोकांना टोपी घाला. एसएफपी मोड्यूलच्या तोंडालाही रबरी बूच लावा. मोड्यूलच्या भोकात डोळा लावून लाइट येतो का ते बघायची सवय असेल तर आजच सोडा. तो लेसर दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

मग सगळं सुटं करा: एसएफपी, अँटेना, कान, बाहेरचं मेमरी कार्ड. मी दोन मोड्यूल स्विचमध्येच विसरून बेंगळूरला पाठवले होते. बदलीचा स्विच आला, मोड्यूल आले नाहीत. फोनवर उत्तर मिळालं, 'आमच्या पावतीवर नोंद नाही.' त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही, कारण माझ्या यादीतही ते नव्हते.

आता साफसफाई. आमच्या भागात मशीनच्या पोटात काय काय सापडतं: तांबडी धूळ, मुंग्यांचं वारूळ, पालीच्या लेंड्या, एकदा तर कुंभारमाशीचं मातीचं घर. ब्लोअरनं बाहेरूनच झाडा. फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. आणि कितीही मोह झाला तरी वॉरंटीचा स्टिकर तोडून झाकण उघडू नका.

५. सामान

- पाच प्लायचं (पुठ्ठ्याच्या थरांचं) नवं किंवा नव्यासारखं खोकं. नग दहा किलोच्या वर असेल तर सात प्लाय
- आतलं छोटं खोकं (मूळ कंपनीचं असेल तर उत्तम)
- चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी
- बबल रॅप, फोमचे तुकडे
- जाड प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या
- दोन इंची ब्राऊन टेप, मार्कर, झिपच्या पिशव्या
- वजनकाटा (किराणा दुकानातला चालतो)

खोकं कुठून आणता याला फार महत्त्व आहे. बेळगावात रविवार पेठेत फिरलात की रिकामी खोकी मिळतात, पण ती काय भरून आली होती ते विचारा. गुळाचं खोकं घेतलंत तर मशीन मुंग्यांसकट पोचेल. निपाणीकडचा माझा एक मित्र तंबाखूच्या वखारीतली खोकी वापरायचा. त्याचं पार्सल उघडणारा आधी शिंकत असणार. दारूची खोकी मजबूत असतात, गोव्याच्या वाटेवरच्या गावांत ती हवी तेवढी मिळतात, पण त्यांना हात लावू नका. तसलं खोकं तपासणीत हमखास बाजूला काढतात. ते फोडून बघितलं आणि परत नीट बांधलं नाही, तर तक्रार कुणाकडे करणार?

कुंद्याचा पत्र्याचा डबा ओएनटीला बरोबर बसतो हे मलाही माहीत आहे. चारही बाजूंना पत्रा आणि मध्ये प्लास्टिकचं मशीन, म्हणजे खुळखुळाच. कुंदा खा, डबा घरात ठेवा.

६. बांधणी

इथं घाई करू नका. वाटेतल्या धक्क्यांनी मशीन मोडतं असं आपण म्हणतो, पण ते मोडतं खोक्यातल्या मोकळ्या जागेमुळे. खोकं थांबतं, आतला स्विच थांबत नाही. तो समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक गोदामात. म्हणून मऊ सामान किती घातलंय यापेक्षा आत काही हलतंय का, हे बघायचं.

पहिला थर स्थिर विजेपासून बचावाचा. बंद पत्र्याच्या पेटीतल्या स्विचला चंदेरी पिशवीची गरज कमी, कारण पेटी स्वतःच आडोसा करते. पण सुटं कार्ड, मोड्यूल, उघडा बोर्ड असेल तर चंदेरी पिशवीशिवाय पाठवू नका. गुलाबी पिशवी स्वतः स्थिर वीज तयार करत नाही, पण बाहेरची वीज अडवतही नाही. अडवते ती चंदेरी. भोक पडलेली किंवा तोंड उघडं राहिलेली चंदेरी पिशवीही कामाची नाही. साधा पांढरा बबल रॅप आणि थर्माकोलचे दाणे घासले की स्थिर वीज तयार करतात. ते पिशवीच्या बाहेर चालतील, उघड्या बोर्डाला लागून कधीच नकोत. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा हा त्रास कमी. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, त्या दिवसांत जास्त.

त्यावर बबल रॅपचे दोन-तीन वेढे, बुडबुडे आतल्या बाजूला. पोर्ट असलेल्या बाजूवर पुठ्ठ्याची एक पट्टी कापून ठेवा, म्हणजे बबल पोर्टमध्ये घुसत नाही आणि समोरून दाब आला तर पट्टी तो झेलते. कोपऱ्यांना फोमचा जादा तुकडा द्या. मशीन आपटतं ते कोपऱ्यावरच.

हे सगळं आतल्या खोक्यात, आणि आतलं खोकं बाहेरच्या खोक्यात. दोन्हींच्या मध्ये सहा बाजूंनी निदान ५ सेंटीमीटर भराव. तळाशीही! तळ सगळे विसरतात. भरावाला फोम सगळ्यात चांगला. रद्दी चालते, पण पानं पसरून नाही, घट्ट चुरगळून कोंबायची. सैल चुरगळलेले बोळे दोन दिवसांत दबतात आणि पुन्हा जागा होते. खानापूरकडे मातीची भांडी, कौलं भाताच्या पिंजरात बांधून पाठवायची जुनी रीत आहे. ती भांड्यांना ठीक. पिंजर ओल धरतो, त्यात किडे असतात आणि भुसा पंख्यात शिरतो.

आता झाकण बंद न करता वर हात ठेवून खोकं हलवा. आतून 'डब' असा एकच आवाज आला तरी परत उघडायचं. कानाला काही ऐकू आलं नाही तरी हाताला धक्का जाणवतो का ते बघा.

जड मशीन असेल, मोठा राउटर किंवा चासीवाला (सुटी कार्डं बसवायच्या सांगाड्याचा) स्विच, तर त्यातले पॉवर सप्लाय काढून वेगळ्या खोक्यात घाला. ते आतच ठेवणं म्हणजे एक-दोन किलोचा लोखंडी गोळा आत अडकवून ठेवण्यासारखंच आहे.

पाऊस. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर काय असतं ते मी सांगायला नको. आतलं खोकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड टेपनं बंद करा, आत सिलिका जेल टाका. आदल्या रात्री मशीन दमट खोलीत होतं तर तसंच कोंडू नका, चार तास कोरड्या जागी ठेवा. बाहेरच्या खोक्यावर नुसतं प्लास्टिक गुंडाळून भागत नाही. लेबल त्याच्यावर चिकटवलं तर ते प्लास्टिकसकट निघून जातं. मी स्वतः खानापूरहून बेळगावला गाडीवर मागे बांधून नेलेलं खोकं पावसानं तळाशी इतकं मऊ झालं की काउंटरवर उचलताना स्विच पायावर पडायचा राहिला. पंचवीस किलोमीटरचाच तो प्रवास.

७. फोटो, मग टेप

झाकण बंद करण्याआधी पाच फोटो: मशीन चारही बाजूंनी, सिरियल नंबर, गुंडाळलेलं, खोक्यात बसवलेलं, आणि वजनकाट्यावर. पहिल्या फोटोत मशीनवर एकही ओरखडा नाही हे दिसलं पाहिजे. त्या कानांच्या प्रकरणात माझ्याकडे एकही फोटो नव्हता.

टेप इंग्रजी एच अक्षरासारखी: मधल्या फटीवर एक उभी, दोन्ही कडांवर आडव्या, वर आणि खाली. सुतळीनं बांधलेली गाठ उचलायला बरी वाटते, पण कन्व्हेयरमध्ये अडकते.

८. लेबल

खोक्यावरची जुनी लेबलं आणि बारकोड खरवडून काढा किंवा काळे करा. छाटणीचं मशीन जुना बारकोड वाचतं आणि तुमचं पार्सल जिथून खोकं आलं होतं तिथं परतीला लागतं. नवीन लेबलवर आरएमए नंबर मोठ्या अक्षरात, आणि त्याच मजकुराचा एक कागद खोक्याच्या आतही. बाहेरचं लेबल फाटलं तरी आतल्या कागदावरून पार्सल ओळखता येतं.

पत्त्यात गावाचं नाव काय लिहायचं? १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण कुठल्या कंपनीच्या यादीत जुनं नाव आहे, कुठल्या यादीत नवं. फॉर्ममध्ये एक आणि लेबलवर दुसरं असं करू नका, एवढंच. आणि पिन कोड ठळक लिहा. बेळगाव शहराचा ५९०००१, खानापूर ५९१३०२, निपाणी ५९१२३७, चिक्कोडी ५९१२०१. छाटणी पिनवर होते.

९. कागदपत्रं

घरगुती गिऱ्हाइकाला साधं पत्र पुरतं: वस्तू स्वतःच्या वापरातली आहे, दुरुस्तीसाठी किंवा परतीसाठी जाते आहे, विक्रीची नाही, खाली सही आणि ओळखपत्राची प्रत.

जीएसटी नोंदणी असेल तर डिलिव्हरी चलन करा, तीन प्रती: एक ज्याला माल जातो त्याला, एक वाहतूकदाराला, एक आपल्याला. त्यावर 'वॉरंटी दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही' असं स्पष्ट लिहा. नग, सिरियल नंबर, किंमत आणि एचएसएन (जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा कोड) ८५१७ घाला. माल ५०,००० रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिलही (माल नेण्याचा ऑनलाइन कागद) लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. बेंगळूरसाठी तीन दिवस मिळतात. म्हणून ते पार्सल निघायच्या दिवशीच करा.

सीमाभागातली एक गंमत: निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, सकाळी जाऊन जेवायला घरी येता येतं. पण कागदावर ते परराज्य, आपला जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो आणि तिकडचा २७ नं. बेंगळूर पाचशेच्या पलीकडे, तरी राज्यातल्या राज्यात. बिलावर पुण्याच्या शाखेचा नंबर आणि परतीचा पत्ता बेंगळूरचा असेल तर आधी मेल करून नक्की करून घ्या. नवीन माणूस हमखास इथं चुकतो.

किंमत खरी लिहा. 'शंभर रुपये लिही रे' हा सल्ला काउंटरवर फुकट मिळतो. पार्सल हरवलं तर भरपाईही शंभराचीच मिळते.

१०. बुकिंग

काउंटरवरचा संवाद जसाच्या तसा:

'काय पाठवूलासा, सर?'

'स्विच.'

'लाइटचा?'

'नाही हो, नेटवर्कचा.'

'तेच की, लाइटवर चालतोय न्हवं?'

आणि पावतीवर आलं 'इलेक्ट्रिक स्विच'. ऐकायला विनोद आहे, पण विजेच्या बटणाचा एचएसएन ८५३६ आणि आपला ८५१७. चलन एक सांगतंय, पावती दुसरंच. वाटेत तपासणी झाली किंवा भरपाई मागायची वेळ आली तर हा फरक नडतो. पावती हातात घेऊन तिथंच वाचा आणि दुरुस्त करून घ्या. मी आता 'नेटवर्क स्विच, चोवीस पोर्ट' असं कागदावर लिहूनच देतो.

पैसे वजनावर लागतात की आकारमानावर? जे जास्त असेल त्यावर. हवाई कुरियरचं सूत्र बहुतेक ठिकाणी लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. चोवीस पोर्टचा साधा स्विच ४४ सेंटीमीटर रुंद. त्याला नीट भराव देऊन ५५ × ३५ × १५ चं खोकं झालं तर हिशेब येतो पावणेसहा किलोचा. हाताशी होतं म्हणून टीव्हीचं ७५ × ५० × २० चं खोकं घेतलंत तर पंधरा किलोचे पैसे द्याल. शिवाय मोकळी जागा वेगळीच.

पावतीवर 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) आणि 'कॅरियर्स रिस्क' (जोखीम वाहतूकदाराची) असे दोन चौकोन असतात. काही न बोलता गप्प बसलात तर पहिल्यावर खूण होते. महागड्या नगाला दुसरा घ्या, जादा पैसे लागतात ते द्या. रात्रीच्या लक्झरीच्या डिकीतून पाठवायचा मोह होतो, सकाळी पुण्यात पोचतं म्हणून. पण त्याचं ट्रॅकिंग नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाले डिकीतून घ्यायला येत नाहीत.

मिनी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा डबा) असेल तर वेगळा विचार करा. त्यात लिथियम बॅटरी असते. सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या पार्सलमध्ये गुपचूप घालणं धोक्याचं आणि नियमाविरुद्ध. काउंटरवर सांगा, रस्त्यानं जाणारी सेवा घ्या. फुगलेली बॅटरी तर कुठंच पाठवू नका.

शनिवारी दुपारी बुक करू नका. रविवारभर ते गोदामाच्या फरशीवर पडून राहतं, आणि पावसाळ्यात ती फरशी कोरडी असेलच असं नाही. सोमवार-मंगळवारी सकाळी देऊन मोकळे व्हा.

११. पोचल्यावर

ट्रॅकिंगवर 'पोचलं' दिसलं की त्याच दिवशी आरएमए नंबर टाकून मेल करा आणि कुणी सही करून घेतलं त्याची प्रत मागवा. बदलीचा नग आला की कुरियरवाल्यासमोरच खोक्याच्या सहा बाजू बघा. दबलेलं असेल तर पावतीवर तसं लिहूनच सही करा. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ, आणि नव्या नगाचा सिरियल नंबर मेलमधल्या नंबरशी जुळवा.

ते खोकं आणि आतले फोमचे साचे टाकू नका. दुकानात माळ्यावर अशी सहा खोकी मी ठेवलीत, आत कापराच्या गोळ्या टाकून, कारण उंदरांना फोम फार आवडतो. प्रत्येकावर मार्करनं लिहिलंय कोणत्या मॉडेलचं आहे ते. आणि झाकणाच्या आत चिकटपट्टीनं लावलेल्या झिपच्या पिशवीत आहेत त्या मॉडेलचे दोन कान, आठ स्क्रूसकट.